जांभळी इरकल

“पुढं हळदीकुंकू चाललंय आन् तू हितं मागं काय करतीस?” आई म्हणाली. “जा की. केळं मिळंल, वर पुस्तक मिळंल. तुला पुस्तकं लागत्यात नव्हं?”

“तसलं पुस्तक नको मला.”

“फुकटचं बी नको? पुण्यात राहून चांगलीच माजलीस.”

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. विट्याच्या आमच्या घराच्या मागच्या सोप्यात आई पावटे सोलत बसली होती, आणि दोन दिवसांची रजा काढून आलेली मी तिच्यासमोर. तिचे दोन्ही तळहात भाजल्यामुळे गुळगुळीत, गुलाबी झालेले. बोटं पुरती मिटत नसत. शेंग ती गुडघ्यावर ठेवून अंगठ्यानं दाबायची, ती टचकन फुटायची आणि दाणे ओच्यात पडायचे. कुणी मदतीला हात पुढे केलेला तिला खपत नसे.

पुढच्या सोप्यात शैलाकाकूनं, म्हणजे भानुदासकाकांच्या दुसऱ्या बायकोनं, घट मांडला होता. गल्लीतल्या सवाष्णी येत होत्या. आप्पा, माझे वडील, दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘या, या’ करत होते. म्हणजे आईही सवाष्णच. पण जावेला जाळलं म्हणून जी बाई तुरुंगात जाऊन आली, तिच्या कपाळाला कोण बोट लावणार? मी सहावीत असताना ती गेली आणि मी कॉलेजात असताना सुटून आली. आल्यावर तिला मागची खोली मिळाली. गड्यांच्या भाकरी तिनं थापायच्या, देवाचा नैवेद्य मात्र तिच्या हातचा चालायचा नाही. “भाकरीला बोटं मिटावी लागत न्हाईत, ते एक बरं झालं,” एवढंच ती म्हणायची.

हौदावर पाय धुवायला म्हणून शेजारच्या इंगळेबाई मागे आल्या. आईजवळून जाताना त्यांनी निऱ्या दोन्ही हातांनी वर उचलून धरल्या, चिखलातून जाताना धरतात तशा. सोपा तर नुकताच सारवलेला होता.

“जपून हां इंगळेबाई,” आई म्हणाली, “माझ्या सावलीला लई निसरडं असतंय.”

 त्या पाय धुऊन, तशाच निऱ्या धरून परत गेल्या.

थोड्या वेळानं शैलाकाकू ताटली घेऊन आली. केळं, चिक्कू, वाटीभर दूध. ताटली तिनं आईपासून हातभर लांब, जमिनीवर ठेवली.

“वहिनी, घ्या. मी तारूवन्संना सांगितलं नाही.”

“ठेव, ठेव. तू जा. तुझ्या लक्ष्म्या खोळंबल्या असत्याल.”

शैलाकाकू वाईट बाई नव्हती. तिला आईची भीती वाटायची, एवढंच. लग्न होऊन या घरात आली तेव्हाच काकांनी तिला सगळं सांगितलं होतं: वहिनीनं आधीच्या बायकोला, नंदाला, कसं पेटवलं, का पेटवलं. तेव्हापासून चुलीपाशी असताना शैलाकाकू कधी आईकडे पाठ करत नसे. पीठ मळताना, फोडणी घालताना ती अशी तिरकी उभी राहायची की आई डोळ्याच्या कोपऱ्यात राहावी. आताही ती तीन-चार पावलं मागे सरकत गेली आणि मगच वळली.

“बघितलंस?” आई म्हणाली. “वाघाला बी एवढा मान न्हाई.”

पुढून बांगड्यांचा आवाज येत होता. दारातून दिसत होतं, बहुतेकजणी हिरव्या साड्या नेसून आल्या होत्या. आई मान तिरकी करून बघत राहिली.

“आमच्याकडं समद्याच हिरव्या. शिक्षा लागली की हिरवं पातळ. पयल्यांदा हातात दिलं तवा मी त्या शिपाईबाईला म्हणलं, बाई, कुणाचं लगीन हाय का काय? मेहरून लई हसली. म्हणली, हां, सबका एकदम! इतक्या नवऱ्या एका मांडवात, आन् मांडवाला भाईरनं कुलूप.”

मेहरून म्हणजे तिची बराकीतली शेजारीण. तिच्याविषयी बोलताना आईचा चेहरा मोकळा व्हायचा. घरातल्या कुणाविषयी बोलताना तो तसा झालेला मी पाहिला नाही.

“संक्रांतीला बाया यायच्या शेरातनं. चांगल्या घरच्या. आमाला वळीनं बसवून कुंकू लावायच्या. काडीनं लावायच्या गं, बोटानं न्हाई. डाग पडल्यावाणी. लावून झाल्यावर रुमालानं हात पुसायच्या. आमच्या म्होरंच.” ती थांबली. ओच्यातले दाणे तिनं परातीत सोडले. “संजू, मला हिरवं नेसवू नका.”

“कधी?”

“कधी म्हंजी? जित्या माणसाला नेसाय येतंय की आपलं आपण. मेल्यावरच दुसऱ्यानं नेसवायचं.”

“काहीतरीच.”

“काहीतरी न्हाई. ट्रंकंत ती जांभळी इरकल हाय. माझ्या आईनं घेतल्याली. तीच नेसून मी आत गेले, तीच नेसून भाईर आले. मधली सगळी वर्सं बिचारी तिथल्या कोठारात गठुड्यात पडून हुती. तिला शिक्षा न्हवती, तरी भोगली तिनं. सुटायच्या दिशी नेसले तर मेहरून म्हणली, आता कशी माणसावाणी दिसतीस. तीच नेसव. अंगावर दुसरं कायबी नको.”

“बरं.”

“बरं नको. नेसवीन म्हण.”

“नेसवीन.”

मग मी धीर करून म्हणाले, “आई, आता तरी ते…”

“न्हाई.” तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. “मी हाय तवर न्हाई. शब्द दिलायस तू.”

दिला होता. तुरुंगातल्या पहिल्या मुलाखतीला, जाळीच्या अलीकडून. जाळी इतकी बारीक होती की तिचा चेहरा तुकड्या-तुकड्यांत दिसायचा. आप्पा माझ्यामागे उभे होते. आई रडत नव्हती. ती म्हणाली होती, ‘संजू, तू काय बघितलं न्हाईस. माझ्या जिवात जीव हाय तवर तोंडातनं काढायचं न्हाई. तुला त्याच घरात ऱ्हायचंय.’ मी मान हलवली होती. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हाताला तपकिरीचा वास येत होता. 

दिवस मावळायच्या आत आई जेवली. सुटून आल्यापासून तिचं तसंच होतं. उन्हं भिंतीवर असतानाच तिला भूक लागायची, आणि उन्हं गेली की कितीही आग्रह केला तरी घास उतरत नसे. ताट तिनंच घासलं, पालथं घातलं. मग दारात उभी राहून मला विचारलं, “जाऊ का पडायला?”

आणि स्वतःच हसली. “बघ. डोक्याला कळलंय सुटलो म्हणून. पायांना अजून कुणी सांगितलं न्हाई.”

तिच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. आली त्याच आठवड्यात तिनं सुताराला बोलावून ती उखडायला लावली होती, आतली आणि बाहेरचीही. गल्लीत सगळे म्हणायचे, तुरुंगाचा धसका घेतलाय बाईनं.  दार नुसतंच लोटून ती झोपायला गेली.

सकाळी मी चहा घेऊन गेले. ती कुशीवर होती, हात उशीखाली. मी हाक मारली. तिच्या नावानं कुणीही हाक मारली की ती झोपेतून ताडकन उठून उभी राहायची, नाव पुकारल्यासारखी. त्या सकाळी उठली नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवसाचं पहिलं काय आठवतं असं कुणी विचारलं, तर तिचा चेहरा नाही आठवत. कुंकवाचा वास आठवतो. ओल्या, चिकट, फार झालेल्या कुंकवाचा.

डॉक्टर येऊन गेले आणि घर भरायला लागलं. तारूआत्या, आप्पांची थोरली बहीण, उंबऱ्यातूनच ओरडली, “भरल्या कपाळानं गेली गं माझी वहिनी! सोनं झालं गं तिचं!” आदल्या दिवशी हीच आत्या घटापाशी बसून ‘मागल्या दारानं कुणी हात लावला न्हाई नव्हं पाण्याला?’ असं दोनदा विचारत होती.

बायका आल्या. आदल्या दिवशीच्याच सगळ्या. इंगळेबाई आल्या, निऱ्या खाली सोडून. आईला आंघोळ घालून पुढच्या सोप्यात आणलं, जिथे काल घट होता तिथेच, भिंतीला टेकवून बसवलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा पुढच्या सोप्यात बसली होती. आणि मग एकेक बाई पुढे आली आणि तिच्या कपाळाला कुंकू लावू लागली. बोटानं. काडीनं नव्हे. बोटं भरभरून. कपाळ भरलं, भुवया भरल्या, नाकाच्या शेंड्यावरून लाल रेघ ओठांवर उतरली. लावायचं आणि त्यातलंच चिमूटभर उचलून आपल्या कपाळाला लावायचं. अहेव गेलेल्या बाईचं कुंकू, त्यानं आपला नवरा जगतो.

“मला बी घेऊ दे गं.”

“सरक की जरा. तू दोनदा घेतलंस.”

“माझ्या सुनंला पायजे वाइच, पुडीत बांध.”

मी कोपऱ्यात उभी राहून ते बघत होते. ती जिवंत असताना ज्यांना तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांना आता तिच्या कपाळावरचं पुसून न्यायचं होतं. एकीनं तर आईच्या ओठावर ओघळलेलं बोटानं टिपून घेतलं.  मी हौदावर जाऊन चूळ भरली आणि आईच्या खोलीत गेले.

ट्रंकेत सगळ्यांत वर जांभळी इरकल होती. लाल काठांची. कितीदा धुतली तरी तिचा कोंदट वास गेला नव्हता. मी ती छातीशी धरून पुढे आले, तर आत्या आणि शैलाकाकू मिळून आईला हिरवी साडी गुंडाळत होत्या. दुकानाची घडीही न मोडलेली, झगझगीत, पोपटी-हिरवी. आप्पांनी सकाळीच माणूस पाठवून आणली होती.

“आत्या, ही नाही. ही इरकल नेसवायची.”

“आगं, अहेव बाईला हिरवंच असतंय. जांभळं कुठं नेसवत्यात?”

“आईनं सांगितलंय. काल सांगितलंय.”

“मरणाऱ्यानं काय बी सांगावं. चार लोकांत शोभाय नको? आन् ह्या लुगड्याला वास येतोय.” आत्यानं नाकाला पदर लावला. “ही तीच न्हवं, जेलातली? शी. आसलं घेऊन वर जायचं व्हय?”

“ही तिच्या माहेरची आहे.”

“माहेरचं कोण आलंय का बघाय? गप बस.”

मी आप्पांकडे पाहिलं. ते दाराशी उभे होते. आत येणारा प्रत्येकजण त्यांना हात जोडत होता. ‘भाग्यवान हो तुम्ही. बायको कुंकवानं गेली.’ आणि आप्पा मान डोलवत होते, जसं काही हे कुंकू त्यांनी स्वतः जपलं होतं, स्वतः जिवंत राहून.

“आप्पा, तुम्ही सांगा.”

“असू दे संजू,” ते हळूच म्हणाले. “लोक बघतायत.”

मी इरकल घेऊन आईशेजारी खाली बसले. तिचा हात हातात घेतला. शैलाकाकूनं समोर हिरव्या चुड्याचा डबा उघडला.

“हात धरून ठेव असाच,” आत्या मला म्हणाली. “चुडा भरायचाय.”

हात कडक झाला होता. भाजलेली बोटं अर्धवट उघडी, अंगठा बाहेर आलेला. बांगडी बोटांच्या पेरांपाशीच अडली. आत्यानं जोर लावला. काच फुटली, आईच्या कातडीत रुतली. रक्त आलं नाही.

“तेल आण गं,” आत्या म्हणाली. “साबण आण. भरल्या हातानं गेली पायजे.”

शैलाकाकू साबणाची वडी घेऊन आली. आत्यानं तो फेस त्या गुलाबी, गुळगुळीत तळहातावर चोळला, बांगडी पुन्हा लावली आणि दाबली. पुन्हा फुटली. मागून इंगळेबाई कुणाला तरी म्हणाल्या, आणि त्यांना वाटलं मला ऐकू जात नाही, “ज्या हातानं केलं ते हात बघा की कसे झालेत. देव असतोय हो.”

मी आत्याच्या हातातली बांगडी काढून घेतली आणि डब्यात टाकली.

“पुरे.”

“काय पुरे?”

“चुडा पुरे. साडी पुरे. शैलाकाकू, तो पदर सोड. हिरवं फेडायचं.”

सगळं थांबलं. बाहेर तिरडी बांधणारेही थांबले असावेत, कारण बांबूचा आवाज बंद झाला. मग भानुदासकाका आत आले. पांढरा सदरा, डोळे सुजलेले. सकाळपासून ते सगळ्यांत मोठ्यानं रडत होते. ते माझ्याजवळ बसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“संजू, बाळ, ऐक माझं. वहिनीनं जे केलं ते केलं. माझा संसार मोडला, पण मी कधी मनात ठेवलं नाही. आम्ही सगळ्यांनी तिला माफ केलंय. घरात घेतलं, दोन घास दिले. आता अहेव जातेय, तिचं सोनं होऊ दे. हट्ट करू नकोस.”

बायकांमधून कौतुकाचा एक उसासा आला. ‘देवमाणूस हो.’ आप्पा खाली बघत होते. आत्या साबणाचे हात पदराला पुसत होती. त्या दोघांना सगळं ठाऊक होतं. पोलिसांकडे जायच्या आधी याच सोप्यात बसून ठरलं होतं: भानुदास तरुण आहे, दुकान त्याच्यावर चालतं, बाईमाणसाला कमी शिक्षा होते, तू अंगावर घे, आम्ही संजूला शिकवू, पुण्याला पाठवू. आईनं एवढंच विचारलं होतं, ‘शिकवाल ना नक्की?’ आणि त्यांनी शिकवलं. ती सगळी पुस्तकं, ज्यांच्यावर मी आज जगते.

काकांचा हात माझ्या डोक्यावर होता. गरम, थोडा ओलसर. मी तो काढून बाजूला ठेवला, ताटात आलेली माशी हाकलावी तसा. त्यांच्याकडे बघावंसंही मला वाटलं नाही. बोलायचं होतं ते त्यांच्याशी नव्हतंच. समोर शैलाकाकू साबणाची वडी धरून उकिडवी बसली होती. आताही ती आईकडे तिरकीच बसली होती. मेलेल्या आईकडेही तिनं पाठ केली नव्हती. तिची पाठ काकांकडे होती.

आईच्या जिवात आता जीव नव्हता. माझा शब्द संपला होता.

“शैलाकाकू,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दारातली माणसंही वळली. “तू या घरात आल्यापासून माझ्या आईला भीत आलीस. कुणाला भ्यायला हवं होतं ते ऐक. नंदाकाकू पेटली त्या दुपारी मी मागच्या पायरीवर बोरं खात बसले होते.”

“संजू!” आप्पा म्हणाले.

“ती आतून दार बडवत होती. दार उघडत नव्हतं, कारण त्याला बाहेरून कडी होती. कडी घालणाऱ्याला मी बघितलं. घातली आणि हौदावर जाऊन हात धुतले, शांतपणे, साबण लावून. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘बाहेर जाऊन खेळ.’ आई विहिरीवरून धावत आली. कडी तापून लाल झाली होती. तिनं ती याच हातांनी ओढली. या बोटांनी. आत शिरली आणि नंदाकाकूला कवटाळून बाहेर आणलं.”

शैलाकाकूच्या हातातली वडी निसटून आईच्या हिरव्या पदरावर पडली. ती हळूहळू, बसल्या जागीच वळली.

“माझ्या आईनं कुणाला जाळलं नाही,” मी म्हणाले. “कडी काकांनी घातली. आईनं ती काढली.”